मर्टिस आत्याच्या स्वयंपाकघरातलं बूच

मर्टिस आत्या कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नसे. हवामान खातं, डॉक्टर, खेकड्याच्या कारखान्याचा मालक, रविवारी प्रवचन करणारा पाद्री, सगळे तिच्या लेखी थापाडे. भरवसा एकट्या माझ्यावर. दुकानदार म्हणाला मासळी आजचीच आहे, की ती माझ्याकडे बघणार. मी मान हलवली की म्हणणार, "नेल्डा म्हणाली ना? मग झालं." गावात या वाक्याची नक्कल व्हायची. मला मात्र त्याचा अभिमान होता, आणि म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

आमचं गाव ड्रम पॉइंट. हार्लो काउंटीची जमीन जिथे संपते आणि नुसतं पाणी न् गवत उरतं, तिथे. एक रस्ता, एक पूल, एक चर्च आणि खेकड्याचं मांस काढायचा एक कारखाना. त्या कारखान्यात आत्यानं एक्कावन्न वर्षं काढली. उकडलेला खेकडा, आखूड पात्याची सुरी आणि तिची बोटं. तोंडानं कुणाची तरी उणीदुणी चालू असायची आणि हाताखालचा डबा भरत जायचा. तिच्या हातांचा वास कधी गेला नाही, लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता गेला म्हणतात. नवऱ्याचं नाव एल्डन. त्याचं काय झालं असं कुणी विचारलं की आत्या सांगायची, "वादळात गेला." खरं तर तो एका लख्ख उन्हाच्या दिवशी जॉर्जियाच्या एका बाईबरोबर गेला. "मग? ती काय वादळापेक्षा कमी होती?" असं आत्याचं म्हणणं.

माझी आई मी नऊ वर्षांची असताना वारली. बाप महिनोन्महिने मासेमारीच्या बोटीवर. मला आत्यानंच वाढवलं, त्याच घरात, आणि त्याच स्वयंपाकघरात, जिथे ते बूच होतं.

आमच्याकडची जुनी घरं जमिनीत पाय रोवून बसलेली नसतात. विटांच्या बुटक्या खांबांवर नुसती ठेवलेली असतात. खाडीचं पाणी चढलं आणि त्याला आत यायला वाट नसली, की घर तरंगतं. आणि तरंगलं की गेलं. दार उघडून भागत नाही, कारण दारातून पाण्याबरोबर वाराही शिरतो आणि छप्पर घेऊन जातो. आजोबांच्या लहानपणी शेजारचं घर असंच पाच माणसांसकट निघालं आणि दीड मैलावर दलदलीत उलटं सापडलं. आजोबांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून त्यांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघराच्या जमिनीला जेवणाच्या ताटाएवढं भोक पाडलं आणि त्यात देवदाराचं बूच बसवलं. वर रुंद, खाली निमुळतं, वर धरायला दोरीची कडी. पाणी पायरीला लागलं की बूच उपसायचं आणि पाण्याला घरात घ्यायचं. घर भिजतं, पण राहतं.

आत्यानं ते आयुष्यात तीनदा उपसलं. पहिल्यांदा ती सात वर्षांची होती. तिसऱ्यांदा मी अकरा वर्षांची होते आणि दोरी आम्ही दोघींनी मिळून ओढली होती. पाणी भसकन वर आलं, त्याबरोबर बोटभर खेकडाही आला आणि आत्यानं तशा गडबडीत त्याला उचलून खिडकीत ठेवलं. "पाहुणा आहे," म्हणाली. दर मे महिन्यात ती त्या बुचाला तेल लावायची. कुणी त्यावर खुर्ची ठेवली तर घर डोक्यावर घ्यायची.

तर हे सगळं मला माहीत होतं. कुणी परक्यानं केलं असतं तर म्हटलं असतं, अडाणी आहे. मी तर डोळ्यांनी पाहिलं होतं.

झालं असं की एका फेब्रुवारीत आत्या त्याच बुचाच्या कडीला अडखळून पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. ऐंशी पार केलेली बाई. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, मग दोन महिने शहरातल्या फिजिओथेरपी केंद्रात ठेवलं. मी रोज जाऊन यायची आणि रोज चिडायची. पन्नास वर्षांत त्या घरात थेंबभर पाणी आलं नव्हतं. रस्ता उंच झाला होता, कारखान्यापुढे दगडी बांध झाला होता. आणि एका लाकडाच्या गट्टूपायी ही बाई मरता मरता वाचलेली. मी हार्वेला बोलावलं. हार्वे माझा चुलतभाऊ, सुतार. त्याला म्हटलं, "स्वयंपाकघर सगळं सपाट करून दे. वॉकर घेऊन फिरायचंय तिला."

"आणि बूच?" हार्वेनं विचारलं.

"कापून टाक."

"नेल्डे, आत्याला विचारलंस का?"

"तुला काम करायचंय की वकिली?"

त्यानं बुचाचं डोकं कापलं, वर प्लायवूड ठोकलं, वर चकचकीत लिनोलियम पसरलं. मधाच्या रंगाचं. छानच दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

खोटं मी एप्रिलमध्ये बोलले. आत्या घरी आली, वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि खाली बघायला लागली.

"बूच कुठंय?"

मी सांगू शकले असते. ती ओरडली असती, चार दिवस अबोला धरला असता आणि मग हार्वेकडून परत भोक पाडून घेतलं असतं. पण तिचा चेहरा इतका पिवळा पडला होता, आणि मीही दमले होते. तोंडातून निघून गेलं, "आहे की. सिंकपुढच्या त्या पायपुसण्याखाली झाकण केलंय. झाकण उचललं की खाली बूच, जसंच्या तसं."

तिला वाकता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

पुढे सगळा उन्हाळा मी स्वतःला सांगत राहिले की हार्वेला बोलावू आणि खरंच झाकण करून घेऊ. आज करू, उद्या करू. हार्वेला काम होतं, मला नातवंडं होती. ते पायपुसणं मी दर आठवड्याला धुवायची आणि अगदी त्याच जागी परत घालायची. बाकी मी काही केलं नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्ला आलं. वादळाचं बारसं कशाला करतात मेले, कुणास ठाऊक. सोमवारी ते कुठेतरी दूर होतं, मंगळवारी आमच्याकडे वळलं, बुधवारी काउंटीनं सांगितलं की पुलापलीकडच्या सगळ्यांनी घरं सोडा आणि शाळेत या. पुरुषमंडळी सकाळपासून बोटी खाडीच्या आतल्या अरुंद फाट्यात नेऊन झाडांना बांधत होती. बायका शीतपेट्या रिकाम्या करत होत्या. वीज जाणारच, म्हणून वर्षभराचं गोठवलेलं सगळं शिजवायचं आणि वाटायचं, ही आमची पद्धत. गावभर मासे तळल्याचा वास. त्या वासानं एरवी भूक लागते. त्या दिवशी मी खिडक्या लावून घेतल्या.

माझं घर बंद करून आत्याकडे गेले तर ही चुलीपुढे वॉकर लावून उभी. मोठ्या भांड्यात खेकड्याचं कालवण रटरटत होतं आणि ती त्यात मक्याच्या पिठाचे गोळे सोडत होती.

"आत्या, चल. कपडे भरते मी."

"कुठं?"

"शाळेत. सगळे चाललेत."

"सगळ्यांच्या घरात बूच नाही. माझ्या आहे. तू जा तुझ्या विटांच्या खुराड्यातून, तुला गरज आहे."

"अगं, हे मोठं आहे. टीव्हीवर सांगतायत."

"टीव्हीवाला दहा वर्षांपूर्वीही सांगत होता. तोच आहे ना, केस रंगवणारा?" तिनं पळी चाटून पाहिली. "मीठ कमी आहे का बघ."

मी मीठ पाहिलं. मग मागच्या पडवीत जाऊन हार्वेला फोन लावला. तो बहिणीकडे निघाला होता, दोनशे मैल आत.

"हार्वे, ते प्लायवूड मला उचकटता येईल का?"

"का? हलतंय की काय?" त्याला राग आला. "आठ-आठ इंचांवर स्क्रू मारलेत, खाली सरस लावलाय. हललं तर नाव बदलीन."

"नको बदलूस," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी ठरवलं, सांगायचंच नाही. हिला कसंही करून इथून हलवायचं, म्हणजे बुचाचा प्रश्नच येणार नाही. घर गेलं तर गेलं. हे ठरवल्यावर क्षणभर बरं वाटलं. पण आत्याला हलवणं म्हणजे चर्च हलवण्यातला प्रकार. मी गोड बोलले. मी रडले. मी म्हटलं, "तुझ्या कंबरेत लोखंड आहे, तुला पोहता येणार नाही." ती म्हणाली, "आधी तरी कुठे येत होतं?" मी म्हटलं, "माझ्यासाठी चल." त्यावर मात्र ती वळून माझ्याकडे बघायला लागली.

"नेल्डे, तू इतकी का घाबरलीयेस? तू तर पाहिलंयस. बूच काढायचं, जिन्यावर बसायचं, पाणी गेलं की खाली उतरायचं. मी तुला खेकडाही दाखवला होता."

आता सांगावं, आता सांगावं, असं मनात चाललेलं. तेवढ्यात दारात शेरीफच्या खात्यातली पोलीस पोरगी. गावातल्या टकरांची लेक, खाकी कपड्यांत, अंगणात गाडी चालू ठेवून आलेली.

"आजी, निघताय ना?"

"नाही."

"मग मला एक काम करावं लागेल." तिनं खिशातून जाड काळा मार्कर काढला. "जे राहतात त्यांच्या दंडावर आम्ही नाव लिहितो. नंतर शोधायला सोपं जातं."

हे ती मुद्दाम सांगते, घाबरवायला. निम्मी माणसं मार्कर बघूनच गाडीत बसतात. आत्यानं बाही वर केली.

"स्वच्छ अक्षरात लिही. 'मर्टिस गिलिकिन'. आणि दुसऱ्या दंडावर लिही, 'कारखान्याच्या मालकाला कळवू नका, तो खूश होईल.'"

पोरगी हसली. मग माझ्याकडे वळली, मार्कर उघडाच. "आणि तुम्ही?"

मी बाही वर केली. दुसरं काय करणार होते? त्या बाईला त्या घरात एकटी सोडून पुलापलीकडे जाऊन शाळेत कॉफी पीत बसायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरगी माझं नाव लिहीत होती आणि आत्या मागून म्हणत होती, "बघ, शेवटी आली ना वळणावर."

संध्याकाळी पूल बंद झाला.

गुरुवारी उजाडलं तेव्हा वारा ईशान्येचा होता आणि खाडीचं पाणी पळालं होतं. हे आमच्याकडे असंच होतं. वादळ आधी पाणी ओढून नेतं. तळ उघडा पडतो, जुने टायर, बुडालेल्या होड्या, कुणाची तरी शिवणयंत्रं, सगळं चिखलात दिसायला लागतं. परगावचा माणूस म्हणेल, वा, संकट टळलं. आम्हाला माहीत असतं की वादळाचा मधला भाग गेला की वारा फिरतो, आणि नेलेलं सगळं पाणी एकदम परत येतं.

मला बसवेना. मी खिडकीपाशी जायची, वाऱ्यात वाकलेली झाडं कुठल्या बाजूला वाकलीयेत ते बघायची, परत यायची. सिंकपुढचं पायपुसणं बघायची. परत खिडकी. मनात म्हणत होते, देवा, वारा फिरू नको देऊ, किंवा फिरलाच तर हळू फिरू दे. घरभर नुसता घोंघाट. आत्या कालवण खात होती.

"बस की गं. पायाला भिंगरी लागलीये का?"

"भूक नाही."

"उभ्यानं खाल्लं तरी चालेल, पण खा. नंतर ओल्या चुलीवर काही शिजत नाही."

साडेदहाला वारा थांबला. अगदी थांबला. कुणाच्या तरी कोंबड्याची बांग ऐकू आली. आत्यानं वाडगा खाली ठेवला आणि कान टवकारले. मग एक झुळूक आली, नैऋत्येकडून, आणि पाठोपाठ सगळा वाराच आला. अर्ध्या तासात खाडी रस्त्यावर होती. पाऊण तासात अंगणात. पाणी रागानं येत नव्हतं, नुसतं वाढत होतं, गवताच्या काड्या आणि शेजारची कचऱ्याची पेटी घेऊन. पहिली पायरी गेली. दुसरी गेली.

"चल," आत्या म्हणाली. "पायपुसणं बाजूला कर."

मी हलले नाही.

"नेल्डे? ऐकू येतंय ना?"

"आत्या, झाकण नाही."

"काय नाही?"

"झाकण. मी खोटं बोलले. हार्वेनं बूच कापून सपाट केलं आणि वरून सगळं ठोकून टाकलं. मीच सांगितलं होतं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.  मी नऊ वर्षांची असताना आई गेल्याचं सांगायला ती आली होती, तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता. तेवढ्यात कपाटातल्या बशा किणकिणल्या. वारा भिंतीवर होता, बशांवर नव्हता. आत्यानं चुलीकडे पाहिलं.

"उचलायला लागलं," ती म्हणाली. "कुऱ्हाड कुठंय?"

"पडवीत."

"आण. आणि पडवीचं दार पक्कं लावून ये."

पडवी दोन पायऱ्या खाली, तिथे गुडघाभर पाणी होतं. कुऱ्हाड आणि कटावणी घेऊन आले तर आत्यानं खुर्ची सिंकपुढे ओढून घेतली होती आणि वॉकरच्या पायानं जमीन ठोकत होती.

"चुलीच्या मागच्या पायापासून माझी चार पावलं. आताची नव्हे, धडधाकट असतानाची. इथं. घाल."

मी घातली. मधाच्या रंगाचं ते लिनोलियम फाटलं, कुऱ्हाड प्लायवूडमध्ये रुतून बसली. हार्वेनं काम चोख केलं होतं, मेल्यानं. मी ओढून काढली, परत घातली. साठी उलटलेली बाई मी, दहा घावांत धाप लागली. घराचा चुलीकडचा भाग हलका झाला होता. उभं राहिल्यावर पायाखाली होडीसारखं वाटत होतं. फळ्या कण्हत होत्या. आणि ही वरून चालूच.

"खेकडे सोलतेयस का? खांद्यातून मार!"

"मारतेय की!"

"एकाच जागी मार. नांगरणी नको करू."

"आत्या, तू गप्प बसशील?"

"गप्प बसले म्हणूनच हे झालं. वाकता येत नव्हतं म्हणून तुला विचारलं."

प्लायवूड फुटलं. हातानं, कटावणीनं, बुटाच्या टाचेनं मी त्याचे तुकडे उचकटले. सरसानं चिकटलेला एकेक तुकडा निघेना. खाली आजोबांच्या फळ्या दिसल्या आणि त्यात ती गोल रेघ. बूच तिथेच होतं. पण वर धरायला काही नव्हतं, कडी नाही, डोकं नाही, आणि पाण्यानं फुगून घट्ट बसलेलं. मी कटावणी लावून पाहिली. घसरली. परत लावली. घर एका अंगानं वर आलं, टेबलावरचं भांडं घरंगळत जाऊन भिंतीवर आपटलं आणि कालवण जमिनीवर पसरलं.

"निघत नाही," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "आत्या, निघत नाही."

"मग फोड."

"आजोबांचं आहे ते."

"मला माहीत आहे कुणाचं आहे. फोड!"

पहिल्या घावात चीर गेली. दुसऱ्यात देवदाराचा वास आला, इतक्या वर्षांनी, ताजा. तिसऱ्यात बूच उभं दुभंगलं आणि पाणी माझ्या तोंडावर आलं. खारट, थंड, चिखलाचं. ते कंबरेएवढं उसळत होतं आणि मी वेड्यासारखी हसत होते. घर थांबलं. मग धप्पदिशी खाली बसलं. एक कोपरा खांबावर वीतभर सरकून बसला, तो अजून तसाच आहे.

आत्याला पाठीवर घेऊन मी माळ्याच्या जिन्यावर चढवली. खालून सहाव्या पायरीवर आम्ही बसलो. पाणी चौथ्या पायरीपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. तीन तास. खाली आमच्या खुर्च्या एकमेकींवर आपटत होत्या. खिडकीतून शेजाऱ्यांचं चाकांवरचं घर रस्त्याकडे जाताना दिसलं, रिकामं, पडद्यांसकट.  शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," मी म्हटलं.

"असते."

"म्हणून नाही विचारलं."

"ते मला कळतं. बूच कापलंस, त्याचं काही नाही. मी त्याच्यावर पडले होते, तुझा जीव खालीवर झाला असेल." तिनं ओला स्कर्ट पिळला. "पण मी नंतर विचारलं होतं, नेल्डे. दोनदा विचारलं होतं."

मी तिच्या स्कर्टचं दुसरं टोक घेतलं आणि पिळलं. 

पाणी उतरलं ते घोटाभर चिखल ठेवून. पुढचे आठवडे कसे गेले ते सांगत बसत नाही. रस्त्याच्या कडेला फळ्या, गाद्या आणि चिकटपट्टी मारलेल्या शीतपेट्यांचे ढीग, डासांचे थवे, छपरांवर निळी ताडपत्री. कारखान्याचं छप्पर दलदलीत गेलं आणि मालकानं तो पुन्हा उघडलाच नाही. वीस बायका घरी बसल्या. चर्चमागच्या कबरस्तानातून दोन शवपेट्या तरंगत रस्त्यावर आल्या होत्या. ते ऐकलं तसं आत्यानं मला पाठवलं, "बाबा जागेवर आहेत का बघून ये."

मी चिखल तुडवत गेले, पाहिलं, परत आले. "आहेत. दगडसुद्धा हललेला नाही."

मी तिच्या 'मग झालं'ची वाट बघत होते. ती म्हणाली, "गाडी काढ. मी स्वतः बघते."

आणि ती गेली. वॉकरचे पाय चिखलात रुतत होते, मी धरायला गेले तर हात झटकला. थडग्यापाशी उभी राहिली, दगडावर हात ठेवला, मग म्हणाली, "हं. चल." त्या क्षणी मला कळलं की माझं काय गेलंय. घर वाचलं होतं, माणसं वाचली होती, आणि मी गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. तिनं रडू दिलं.

नाताळच्या सुमारास हार्वे नवी फळी घेऊन आला, खालमानेनं. आत्यानं त्याच्याकडून बूच करून घेतलं. पहिलं सैल म्हणून परत, दुसरं ओबडधोबड म्हणून परत. तिसरं पसंत पडलं. त्याला दोरीची कडी, आणि ती दिसावी म्हणून लाल रंग. भोकाभोवती हार्वेनं कठडा केला, म्हणजे ही पुन्हा पडायला नको. सुचायला हवं होतं हे आधीच, मलाही आणि त्यालाही.

मग सुरू झाला रविवारचा नेम. चर्चहून आलो की आत्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "काढून दाखव."

"आत्या, मागच्या रविवारीच दाखवलं."

"काढून दाखव."

मी गुडघ्यांवर बसून दोरी ओढायची. बूच निघायचं. ती पुढे वाकून भोकातून खालची माती बघायची, मान हलवायची. "घाल परत." बस. ना राग, ना टोमणा. बाकी सगळं पूर्वीसारखं होतं, कालवण होतं, एल्डनच्या नावानं बोटं मोडणं होतं. फक्त दुकानात मासळीवाला ताजी म्हणाला की ती आता स्वतः कल्ला उचलून बघायची. उन्हाळा गेला. माझे गुडघे गेले. एक रविवार चुकला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात तिच्या छातीत पाणी झालं. शहरातल्या इस्पितळात ठेवली, चाळीस मैलांवर. नाकात नळी, अंगावर चादर, हात पहिल्यांदाच बिनवासाचे. रविवार उजाडला. मला घरात चैन पडेना. सकाळी तिच्या घरी गेले, दोरी ओढली, बूच काढलं, पुसलं आणि किराण्याच्या पिशवीत घालून इस्पितळात नेलं. नर्सनं विचारलं पिशवीत काय आहे. मी म्हटलं, लाकूड.

आत्या जागी होती. मी बूच तिच्या पोटावर ठेवलं.

"हे बघ. काढून दाखवते."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. लाल कडीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नळीमागे तिचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं दुखतंय. हसत होती.

"मूर्ख कुठली," ती म्हणाली. आवाज उरला नव्हता, मला वाकावं लागलं. "बूच इथं आणलंस, मग तिकडे भोक उघडं ना? उंदीर शिरतील माझ्या घरात."

"आत्ता जाऊन घालते."

"आत्ता?"

"आत्ता. सरळ तिकडेच जाते."

नर्स आत आली होती, सलाइन बघत होती. तिनं सहज विचारलं, "काय घालायचंय, आजी?" आत्यानं डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "नेल्डा म्हणाली ना? मग झालं."

मी पिशवी उचलली. चाळीस मैल गाडी हाकली, पुलावर कुठे थांबले नाही, दाराला कुलूप होतं ते उघडलं, गुडघ्यांवर बसले आणि बूच त्याच्या जागी बसवलं. वरून दोनदा हातानं ठोकलं.

मंगळवारी सकाळी आत्या गेली.